मुलांचे मैदान कोणाच्या हिशेबात?

शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा म्हणून जो एक तास असतो, त्यावर सर्वांत अधिक अतिक्रमणे होतात, हे शिक्षकांना सांगावयास नको. गणिताचा भाग मागे पडला की तो तास गणिताला जातो. चाचणी परीक्षा जवळ आली की विज्ञानाला जातो. वर्गात गलका झाला की शिक्षा म्हणून तो रद्दच होतो. भूगोलाचा तास शिक्षा म्हणून रद्द झाल्याचे मात्र कोणी ऐकलेले नाही. मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आणि मोठ्यांच्या दृष्टीने सर्वांत बिनमोलाची अशी शाळेत ही एकच गोष्ट असावी.

वेळेची जी गत, तीच जागेची. गावातील ज्या मोकळ्या जागेवर संध्याकाळी मुले जमतात, तिला सरकारदप्तरी आणि बोलण्यातही ‘पडीक’ म्हटले जाते. पडीक जागा ‘उपयोगात’ आणणे हे मग पुण्यकर्म ठरते. तेथे सभागृह उभे राहते, दुकानांचे गाळे निघतात, किंवा नुसतीच वाहने उभी राहू लागतात. त्या जागेचा आधीच उपयोग होत होता, दररोज दोन-तीन तास पन्नास मुले तेथे धावत होती, ही गोष्ट कोणत्याही ठरावात नोंदली जात नाही. ज्या वस्तूला बाजारात किंमत नाही ती फुकट समजली जाते, आणि जी फुकट ती निरुपयोगी, असा एक सोयीस्कर निष्कर्ष आपण काढून मोकळे होतो. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही किंमत आणि उपयोगिता यांतील भेद पहिल्या काही प्रकरणांत सांगितलेला असतो. व्यवहारात आपण तो विसरतो.

हा प्रश्न कोणत्याही गावाचा असला, तरी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुससारख्या गावात तो अधिक उघडपणे दिसतो. वर्धा नदीच्या काठचे हे गाव कोळशाच्या खाणींमुळे वाढले. पुढे सिमेंट आले, लोखंडाचा कारखाना आला, आणि देशाच्या अनेक भागांतून कामगार येऊन येथे स्थायिक झाले. तीस हजारांवर वस्ती झाल्यानंतरही येथे दीर्घकाळ ग्रामपंचायतच होती. नगर परिषद अगदी अलीकडची. अशा गावात जमिनीच्या पोटातील प्रत्येक टनाचा चोख हिशेब असतो. कोळशावर त्याच्या मूल्याच्या १४ टक्के स्वामित्वधन सरकारजमा होते, वजनकाट्यावर मालमोटारींची नोंद होते, रेल्वेच्या वाघिणी मोजल्या जातात. त्याच जमिनीच्या पाठीवर खेळणाऱ्या मुलांना किती चौरस फूट जागा उरली आहे, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये येथील आमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता खोल खड्ड्यात गडप झाले. जमिनीखालच्या जुन्या कोळसाखाणीशी या घटनेचा संबंध जोडला गेला आणि आसपासची घरे रिकामी करावी लागली. ज्या गावात पायाखालच्या जमिनीचाच भरवसा नाही, तेथे मुलांच्या खेळण्याच्या जागेची चर्चा करणे कोणाला चैनीचे वाटेल. वस्तुतः तेथेच ती अधिक निकडीची आहे.

खेळाच्या पोटातील शिक्षण

मैदानी खेळ म्हणजे शरीराला व्यायाम, एवढाच त्याचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांसाठी दररोज सरासरी किमान साठ मिनिटांची मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल आवश्यक मानली आहे. ते योग्यच आहे. परंतु व्यायाम हा खेळाचा एक अंश झाला. मुले व्यायामासाठी खेळत नाहीत. ती खेळतात आणि त्यात व्यायाम घडून जातो. त्याचप्रमाणे त्यात आणखीही पुष्कळ काही घडून जाते.

विटीदांडूचेच उदाहरण घ्या. टोलवलेली विटी जेथे पडेल तेथपर्यंतचे अंतर दांडूने मोजायचे, आणि मोजताना वकट, लेंड, मूंड, नाल अशी सातांची फेरी पुन्हा पुन्हा म्हणायची. शेवटी जो शब्द येईल त्यावरून पुढचा टोला कसा मारायचा ते ठरते. सातांनी भागून बाकी काढणे याहून ते वेगळे काय आहे? तिसरीतल्या ज्या मुलाला पाटीवरचा भागाकार जमत नाही, तोच मुलगा मैदानावर ही बाकी क्षणात सांगतो आणि प्रतिपक्षाने चूक केली तर ती पकडतोही. याच मोजणीतील शब्द तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या संख्यांशी जुळतात, ही आणखी एक लक्षणीय गोष्ट. मराठी मुलांनी शतकानुशतके खेळाच्या मैदानावर शेजारच्या भाषेचे अंक जपून ठेवले. चंद्रपूरच्या सीमाभागात आणि खाणकामगारांच्या वसाहतींत, जेथे मराठी, तेलुगू, हिंदी आणि गोंडी बोलणारी मुले एका डावात उतरतात, तेथे भाषांची ही देवघेव आजही चालू असते. तिच्यासाठी अभ्यासक्रम लागत नाही. मोकळी जागा लागते.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ मध्ये मुलांच्या नैतिक निर्णयशक्तीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याची सुरुवात गोट्यांच्या खेळापासून होते. लहान मुले खेळाचे नियम वरून आलेले, न बदलणारे असे मानतात; मोठी होता होता त्यांच्या ध्यानात येते की नियम हा परस्परांच्या संमतीने केलेला करार आहे, आणि सर्वांची तयारी असेल तर तो बदलताही येतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पाठ करून घेतलेली लोकशाही आणि ही अनुभवाने कळलेली लोकशाही यांत मोठे अंतर आहे. आपल्या मुलांनी याच्याही पुढची एक संस्था निर्माण केली आहे; ती म्हणजे ‘कच्चा लिंबू’. लहानग्या भावंडाला खेळात तर घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य आणायचे नाही, तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही. आणि पुरेसा मोठा झाला की एके दिवशी त्याला पक्का खेळाडू म्हणून घ्यायचे. दुर्बलाला सामावून घेण्याचा आणि योग्य वेळी त्याची सवलत काढून घेण्याचा इतका समंजस नियम मोठ्यांच्या समाजालाही अद्याप साधलेला नाही. तो कोणा शिक्षकाने घालून दिलेला नाही. मोठी माणसे जवळ नव्हती म्हणूनच तो निर्माण झाला.

येथे खेळ आणि क्रीडास्पर्धा यांतील फरक लक्षात ठेवला पाहिजे. स्पर्धांना माझा विरोध नाही. जिल्ह्याचे नाव काढणारे खेळाडू निपजावेत, त्यांना परीक्षेत वाढीव गुण मिळावेत, हे ठीकच आहे. परंतु स्पर्धेच्या संघात बारा जण निवडले जातात आणि उरलेले काठावर बसून टाळ्या वाजवितात. शिट्टी पंचाच्या हाती, नियम छापील, वेळ ठरलेली. मुलांच्या स्वतःच्या खेळात कोणी काठावर बसत नाही. भांडण झाले तर ते मुलांनाच मिटवावे लागते, कारण ते मिटल्याखेरीज पुढचा डाव सुरू होत नाही. महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांना चार जणांनी मिळून एखादे काम करावयास सांगितले, तर कोणी काय करायचे हे प्राध्यापकानेच ठरवून द्यावे अशी अपेक्षा वारंवार दिसते. त्याची सर्व कारणे शाळेत शोधणे अन्यायाचे होईल; परंतु काही कारणे हरवलेल्या मैदानात सापडतील असे मला वाटते.

डोळ्यांची साक्ष

ज्यांना ही मीमांसा हवेतली वाटेल त्यांच्यासाठी डोळ्यांची साक्ष काढता येईल. मुलांमध्ये जवळचे दिसणे पण दूरचे अंधुक दिसणे हा दोष जगभर वाढत आहे. चीनमधील ग्वांगझौ शहरातील बारा प्राथमिक शाळांत यासंबंधी एक पद्धतशीर प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी निम्म्या शाळांतील मुलांना दररोज चाळीस मिनिटे अधिक वेळ वर्गाबाहेर, उघड्यावर नेले गेले. तीन वर्षांनंतर त्यांच्यातील ३०.४ टक्के मुलांना हा दोष जडला होता. नेहमीप्रमाणेच वर्गात बसणाऱ्या मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. औषध नाही, उपकरण नाही. केवळ दिवसाचा उजेड. तैवाननेही २०१० पासून शाळकरी मुलांनी दररोज दोन तास उघड्यावर घालवावेत असे राष्ट्रीय धोरण ठेवले आहे. चष्म्याचा खर्च कुटुंबाच्या अंदाजपत्रकात दिसतो, उजेडाची बचत दिसत नाही. म्हणून आपण पहिल्याचा विचार करतो आणि दुसऱ्याचा विसर पडतो.

कोसबाडचा धडा

हे सर्व परदेशी शोध आहेत असेही समजण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. त्यांच्यासमोरचा प्रश्न साधा आणि अवघड होता. वारली मुले बालवाडीत येत नव्हती. कारण कोणाला गुरे राखायची होती, कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते. तेव्हा या दोघींनी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दोष दिला नाही. शाळाच मुलांकडे नेली. पाड्यावरच्या अंगणात मुले जमवून बालवाडी भरविली, तिची अंगणवाडी झाली. गुरे चरतात त्या कुरणात शिक्षक गेले, तिची कुरणशाळा झाली. माँटेसोरीच्या महागड्या साधनांच्या जागी पाने, बिया, खडे, शंख-शिंपले आले. निसर्ग हा तेथे सहलीचा विषय नव्हता. तो फळा होता आणि खडूही होता.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा मराठी मातीतला शब्द भारतभर गेला. शब्द गेला, अंगण मात्र सर्वत्र गेले नाही. आज भाड्याच्या एका खोलीत, दारापुढे गटार आणि रस्ता अशा अवस्थेत चालणाऱ्या अंगणवाड्या शहरी वस्त्यांत सर्रास दिसतात. तेथील सेविका आपले काम निष्ठेने करीत असतील; परंतु ज्या कल्पनेतून ते नाव आले, ती कल्पनाच तेथे बाद झालेली असते.

बाहेर जावे, पण कोणत्या हवेत?

यावर घुग्घुसमधील पालक एक रास्त हरकत घेतील, आणि तिला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुलांना बाहेर पाठवा म्हणता. पण कोणत्या हवेत? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर क्षेत्राला ८३.८८ गुण मिळून ते देशात चौथे आले. आणि त्या क्षेत्रात ताडाळी व बल्लारपूर यांच्याबरोबर घुग्घुसही होते. कोळशाची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसते, ती फुप्फुसात दिसत नाही एवढेच. धावणारे मूल बसलेल्या माणसापेक्षा अधिक हवा ओढून घेते. त्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. रस्त्यावर कोळशाच्या अवजड मालमोटारी. वस्तीबाहेर जुन्या खाणींच्या खड्ड्यांत साचलेले पाणी. आणि जिल्ह्याच्या जंगलालगतच्या भागांत वाघ-बिबट्यांचे भय. इतक्या गोष्टी समोर असताना मुलाला घरात बसवून त्याच्या हाती भ्रमणध्वनी देणारी आई बेजबाबदार नसते. तिला जे पर्याय उपलब्ध आहेत त्यांतला तिला सुरक्षित वाटणारा पर्याय ती निवडते. म्हणून ‘आजकालची मुले मोबाइलमध्ये गुंग असतात’ हे ठरीव रडगाणे मला मान्य नाही. मुलांनी मैदान सोडले, असे म्हणण्यापेक्षा मैदानाने मुलांना सोडले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

परंतु या हरकतीतून निष्कर्ष कोणता काढावयाचा? बाहेरची हवा वाईट म्हणून मुलांना कोंडावे, हा निष्कर्ष काढला, तर हवा वाईट ठेवणाऱ्याचा खर्च आपण मुलांकडून वसूल केला असा त्याचा अर्थ होतो. कारखाना किंवा खाण आपल्या उत्पादनाचा जो भार इतरांवर टाकते, त्याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. रुग्णालयाचे बिल, काळवंडलेले पीक हे त्याचे दिसणारे प्रकार. हरवलेला खेळ हा न दिसणारा प्रकार होय. शिवाय घराची भिंत धुळीला पूर्णपणे अडवीत नाही. दारे-खिडक्या बंद करून हवा शुद्ध करण्याची यंत्रे कामगारांच्या घरांत नसतात. तेव्हा मुलांना आत घेणे हा उपाय नव्हे. बाहेर राहण्याजोगे करणे हाच उपाय. मालमोटारींवर ताडपत्री, रस्त्यांवर नियमित पाणी, वस्ती व खाण यांच्यामध्ये झाडांचा दाट पट्टा, हवेच्या मोजणीचे आकडे शाळेच्या फलकावर, आणि उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या आत खेळाची वेळ: यांपैकी एकही गोष्ट मोठ्या तंत्रज्ञानाची नाही.

हा तोटा सर्वांवर सारखा पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. कंपन्यांच्या आखीव वसाहतींत सहसा मैदान, बाग, क्लब यांची तरतूद असते. आपापल्या वाढलेल्या वस्त्यांत ती नसते. ज्या थोड्या जागा आहेत तेथे मोठ्या मुलांचे क्रिकेट सुरू झाले की लहानांना आणि विशेषतः मुलींना माघार घ्यावी लागते. विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईच्या निमित्ताने मुलींना घराबाहेर जमण्याची हक्काची संधी मिळे. दारापुढच्या अंगणात लंगडी आणि बिल्लस चाले. मुलगा दूरच्या मैदानावर जाऊ शकतो; मुलीला बहुधा हाकेच्या अंतरातच खेळू दिले जाते. म्हणून अंगण आणि गल्ली गेल्या तेव्हा मुलींचा खेळ आधी गेला. मैदानाची चर्चा करताना गावाबाहेरच्या एका भव्य क्रीडासंकुलाने भागणार नाही, ते याच कारणाने. प्रत्येक वॉर्डात, हाकेच्या अंतरावर, लहानशी का होईना, जागा हवी.

कायदा आहे, पैसाही आहे

यासाठी नवा कायदा लागत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील एकतिसाव्या कलमाने विश्रांती आणि खेळ हा बालकाचा हक्क मानला आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. मात्र त्या अनुसूचीत एक मौज आहे. पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस व ८०० तास अध्यापन झालेच पाहिजे असा आकडा तिच्यात आहे. क्रीडांगण किती मोठे असावे याचा आकडा नाही. जे मोजले जात नाही ते कागदावर असूनही नसते. शाळांच्या फलकांवर ‘क्रीडांगण: आहे’ असे लिहिलेले असते, आणि प्रत्यक्षात ते प्रार्थनेला उभे राहण्यापुरते असते.

गावाच्या पातळीवर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आहे. त्यानुसार विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी जागा आरक्षित करता येते. पण त्याच कायद्याच्या १२७ व्या कलमान्वये आराखडा अंतिम झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. आणि त्यानंतर विहित मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण गळून पडते. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्यच आहे. त्याची जमीन अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाही. दोष आरक्षण टाकून झोपी जाणाऱ्या संस्थेचा. मैदाने कोणी एका रात्रीत बळकावीत नाही. बहुतेक मैदाने मुदत संपून जातात. घुग्घुसची नगर परिषद नवी आहे. जुन्या शहरांनी जे गमावून बसल्यावर शोधले, ते आधीच राखून ठेवण्याची संधी तिला आहे. आणि ती संधी फार काळ राहत नाही, कारण जमिनीचे भाव वाट पाहत नाहीत.

पैशाची सबब तर या जिल्ह्यात चालण्याजोगी नाही. खनिज कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. जुन्या खाणपट्ट्यांच्या धारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी, तर नंतरच्या पट्ट्यांच्या धारकांनी १० टक्क्यांइतकी रक्कम त्यात भरावयाची आहे. हा निधी खाणबाधित लोकांसाठी आहे, आणि त्याच्या प्राधान्यक्रमात शिक्षण, आरोग्य, पर्यावरण आणि महिला-बालकल्याण हे विषय येतात. मुलांचे मैदान या चारही शीर्षांखाली बसते. म्हणूनच कदाचित ते कोणत्याच एका शीर्षाखाली मांडले जात नसावे. खाणीच्या जागेचा पुनर्वापर होऊ शकतो, हे नागपूर जिल्ह्यात सावनेरजवळ वेस्टर्न कोलफील्ड्सने उभारलेल्या उद्यानावरून दिसते. पर्यटकांसाठी जे करता येते ते खाणकामगारांच्या मुलांसाठीही, जमिनीची सुरक्षितता तपासून, करता यावे.

शिवाय मैदान म्हणजे सिमेंटची घसरगुंडी आणि रंगीत कुंपण, असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या डेन्मार्कमध्ये, १९४३ साली, कोपनहेगनजवळच्या एम्द्रुप येथे टाकाऊ लाकडे, विटा आणि जुने सामान देऊन मुलांसाठी एक खेळाची जागा उघडली गेली. तिच्या धर्तीवर पुढे युरोपात अनेक जागा निघाल्या. औद्योगिक गावात टाकाऊ सामानाला तोटा नाही. सपाट केलेली माती, चार मोठी झाडे, पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि थोडे लाकूडफाटे एवढ्यावर काम भागते. शाळांनी सुटीनंतर आणि रविवारी आपले फाटक उघडे ठेवले, तर निम्मा प्रश्न खर्चाविनाच सुटेल. त्यासाठी लागणाऱ्या राखणदाराचा पगार नगर परिषदेने द्यावा. मुख्याध्यापकावर ती जोखीम लोटू नये.

शिक्षकांकडे मागणे त्याहूनही लहान आहे. खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये आणि शिक्षा म्हणून काढून घेऊ नये. आणि आठवड्यातून एक तास तरी शिट्टी न वाजविता, रांगा न लावता, मुलांना त्यांचा त्यांचा डाव मांडू द्यावा.

दगडी कोळसा एक दिवस संपणार आहे. खाणपट्टा मंजूर करतानाच त्याच्या समाप्तीचा आराखडा तयार ठेवावा लागतो, इतकी ही गोष्ट सर्वमान्य आहे. खाण संपल्यावर या गावाजवळ जे उरेल ते येथली माणसे. आणि ती आज आठ-दहा वर्षांची आहेत. खाणीच्या समाप्तीचा हिशेब जो समाज आधीच मांडून ठेवतो, त्याने या मुलांच्या मैदानाची नोंद सातबाऱ्यावर करून ठेवावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.